आमच्या भावजींच्या चिकटपट्ट्या

भावजी घरात चालायचे तेव्हा आवाज यायचा नाही. मी ओट्याशी उभी असायचे आणि एकदम मागून "वहिनी, चहा आहे का" असं अगदी कानाशी. हातातलं पातेलं पडता पडता राहायचं. मी म्हणायचे, माणसानं जरा खाकरून यावं. तर म्हणायचे, "खाकरायची सवयच गेली वहिनी. विंगेत खाकरलं की पहिल्या रांगेला ऐकू जातं."

विंग म्हणजे स्टेजच्या बाजूची जागा, लोकांना न दिसणारी. आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, तिथे उभे असायचे. दिवसा फोटोंना फ्रेम करून देणाऱ्या दुकानात काम आणि संध्याकाळी नाटक. मोठं नाटक नाही, हौशी लोकांचं. दातांचे डॉक्टर दिग्दर्शक, एक विमा विकणारे, एक प्राथमिक शाळेतल्या बाई, असे सगळे आपापली कामं संपवून यायचे आणि हॉल घेऊन नाटक करायचे. भावजी त्यांचे स्टेज मॅनेजर. बाकीचे सगळे भावजींना चिकटपट्टी म्हणायचे, तोंडावर. ह्यांना राग यायचा, भावजींना नाही यायचा.

ते गेल्यावर भेटायला आलेले खूप जण मला विचारायचे, नक्की काय करायचे हो ते नाटकात? फोटोत कुठे दिसत नाहीत. मला तिथे नीट सांगता आलं नाही, रडू यायचं. म्हणून इथे लिहिते.

सुरुवातीला ते नट होते, एकाच नाटकात. पाहुण्याचं काम होतं. आत यायचं, बसायचं आणि एक वाक्य म्हणायचं. ते आत आले, टेबलावरचा कपडा वाकडा दिसला, तो सरळ केला, उशी खाली पडली होती ती उचलून झटकून ठेवली, आणि वाक्य विसरून निघून गेले. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "हा माणूस पुढे उभा करण्यात अर्थ नाही, मागे उभा करा." तेव्हापासून मागेच.

मागचं काम म्हणजे काय काय. पंधरा दिवस आधी हॉल बघून यायचा, टेप घेऊन मोजायचा. हे छोटे हॉल कुठल्या कुठल्या कामाला बांधलेले असतात, कुणाच्या तरी सभेला. मधेच खांब. विंगा नाहीतच. एका हॉलमध्ये तर डाव्या बाजूनं आत गेलेल्या माणसाला उजव्या बाजूला जायला वाटच नव्हती, सगळ्या लोकांसमोरून जावं लागलं असतं. तिथे विमावाले चुकून भलत्या बाजूनं आत गेले आणि कपाटामागे अडकले. अख्खा अंक उकिडवे बसून. त्यांची वेळ आली तेव्हा पायाला मुंग्या, लंगडत बाहेर आले. लोकांना वाटलं अभिनय. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना सांगितलं, तुमचं लंगडणं फार खरं होतं. भावजी घरी येऊन सांगत होते आणि हसून हसून त्यांना ठसका लागला होता.

मग सामान. त्यांच्याकडे स्वतःचं सामान असं काही नव्हतं, त्यामुळे आमचं जायचं. सोफा, खुर्च्या, स्टूल, दिवा, एकदा माझा पलंगावरचा पलंगपोस सुद्धा. संध्याकाळी पाहुणे आले तर मी सतरंजीवर बसवायचे आणि सांगायचे, सोफा प्रयोगाला गेलाय. सोफ्याचं नाव आमच्या घरात नटासारखं घेतलं जायचं. मी भावजींना म्हणायचे, "त्याला एकदा टाळ्या तरी मिळू द्या." ते म्हणायचे, "मिळतात की, पण तो कुणाला सांगत नाही. माझ्यासारखाच आहे."

सामान नेलं की स्टेजवर मांडायचं आणि प्रत्येकाच्या पायाशी, कोपऱ्याकोपऱ्याला, रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. कारण मधे अंधार होतो तेव्हा सामान हलवावं लागतं. हलवायला माणसं कोण, तर नटच. अंधारात ते कुठे ठेवायचं ते पट्टीवरून कळतं. खुर्ची चार बोटं इकडे झाली की दिवा नटाच्या तोंडावर न पडता कानावर पडतो. काही पट्ट्या अंधारात चमकणाऱ्या पण असतात, पायरी कुठे ते दिसायला. आतल्या बाजूला एका टेबलावर कागद अंथरायचा आणि नाटकात हातात घ्यायची प्रत्येक वस्तू, चष्मा, पत्र, कप, हे त्यावर ठेवून भोवती पेननं रेघ मारायची. जागा रिकामी दिसली की समजायचं, वस्तू कुणाच्या तरी खिशात घरी चाललीय. ही रेघ मारायची सवय त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात पण आणली. पळीची जागा, चिमट्याची जागा. मी म्हटलं, "भावजी, हे माझं स्टेज आहे, इथून लांब राहा."

खाण्याच्या वस्तू माझ्याकडून जायच्या. एका नाटकात आईस्क्रीम होतं. दिव्याखाली आईस्क्रीम टिकत नाही, म्हणून बटाटा उकडून कुस्करायचा, त्यात गुलाबी रंग, आणि गोळे करून कपात. शाळेतल्या बाईंना ते चमच्या चमच्यानं खात लाडात बोलायचं होतं. एकदा मी घाईत बटाट्यात सवयीनं मीठ घातलं. बाई नंतर मला म्हणाल्या, "वहिनी, आज पहिल्यांदा चव होती हो."

त्यांचं लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं. मुलीनं विचारलं, नाटकात तुम्ही काय करता? भावजी म्हणाले, "मी काही केलंय हे कुणाला कळलं नाही, तर माझं काम चांगलं झालं." मुलीच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. मी आत येऊन कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "खोटं बोलायला हवं होतं का?" मी म्हटलं, थोडं तर बोलायचं. नाटकातले ना तुम्ही.

आता बाबांचं सांगते. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांनी बाबांना विसरायला व्हायला लागलं. आधी नावं, मग दिवस, मग घरातल्या घरात वाट. बाथरूमला जायचं म्हणून उठायचे आणि कपाट उघडून उभे राहायचे. डॉक्टरांनी, म्हणजे दातांच्या नाही, दुसऱ्या, सांगितलं की घरातल्या वस्तू हलवू नका, जिथल्या तिथे असू द्या, त्यांना त्याचाच आधार. मी भावजींवर चिडले. म्हटलं, ते म्हणतात हलवू नका, आणि तुम्ही घरदार टेम्पोत घालून नेता.

भावजी दुसऱ्या दिवशी निळी चिकटपट्टी घेऊन गुडघ्यावर बसले आणि बाहेरच्या खोलीत प्रत्येक वस्तूच्या पायाशी लावत गेले. बाबांची खुर्ची खिडकीशी, सोफा भिंतीला टेकून, स्टूल त्याच्या शेजारी. बाबांची खुर्ची आणि पलंग त्या दिवसापासून प्रयोगाला गेले नाहीत. बाकीचं जायचं, पण परत आलं की निळ्या पट्टीवर, केसभर इकडे नाही तिकडे नाही. आणि बाबांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत ती चमकणारी पट्टी. दिवा बंद केला की जमिनीवर हिरवट वाट दिसायची. बाबा त्या वाटेनं जाऊन त्या वाटेनं परत यायचे. म्हणायचे, "हे कुणी केलं?" भावजी म्हणायचे, "मी." बाबा म्हणायचे, "हुशार आहेस. कुणाचा मुलगा तू?" भावजी म्हणायचे, "तुमचाच." मग दोघं हसायचे.

बाबांची एक सवय होती. सोफा नसला की त्यांना कळायचं, आज प्रयोग आहे. बाकी काही लक्षात राहायचं नाही, हे राहायचं. रिकाम्या जागेकडे बघून म्हणायचे, "गेला वाटतं नाटकाला." आणि भावजी येईपर्यंत नीट जेवायचे नाहीत.

भावजी गेले ते कामातच. दुपारची वेळ, नवीन नाटकाचं सामान हॉलमध्ये चढवत होते. जिना अरुंद. लाकडी बाक होतं, वरून ते आणि खालून विमावाले. मधल्या वळणावर भावजी म्हणाले, "थांबा जरा, दम खातो," आणि पायरीवर बसले. ते थांबा म्हणाले की सगळे थांबायचे, ती त्यांची शिस्तच होती. म्हणून विमावाले बाक धरून तसेच उभे राहिले. मागचे मागे उभे. मग खालून त्यांनी विचारलं, "उचलू का?" उत्तर आलं नाही. ते मला हे सांगताना लहान मुलासारखे रडले. मी थांबायला नको होतं, म्हणत होते. कुणाच्या हातात काही नव्हतं. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

घरी आणायचं म्हणून शेजाऱ्यांनी बाहेरच्या खोलीतलं सामान सगळं गॅलरीत काढलं. बाबांना आतल्या खोलीत माझ्या बहिणीजवळ बसवलं होतं. ह्यांनी ठरवलं, बाबांना सांगायचं नाही. म्हणाले, "सांगितलं तर आज रडतील, उद्या विसरतील, परत विचारतील. रोज नव्यानं कशाला मारायचं त्यांना?" मला पण तेव्हा ते बरोबर वाटलं.

सगळे गेल्यावर ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी सामान आत घेतलं. हे म्हणाले, "त्याच्या पट्ट्या आहेत ना, त्यावर ठेवा. बाबांचं काही बिघडायला नको." फरशीवर पट्ट्या होत्याच, चांगल्या ठसठशीत पिवळ्या. प्रत्येक वस्तूचा पाय बरोबर कोपऱ्यात बसला. मला घर जरा वेगळं वाटलं. पण म्हटलं, भावजींनी हल्ली नव्या पट्ट्या लावल्या असतील, आणि माणूस गेल्यावर घर वेगळं वाटणारच.

बाबांचं मात्र दुसऱ्या दिवसापासून बिनसलं. खोलीत यायचे, दारात थांबायचे, परत आत जायचे. स्टुलाला अडखळले. खुर्चीत बसवलं तर उठून उभे राहायचे, दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखे. आणि मला म्हणायला लागले, "अहो बाई, आम्ही आता निघतो. घरी जायला हवं."

मी म्हटलं, "बाबा, घरीच आहात."

"तुमचं घर छान आहे. पण आमचा मुलगा येईल न्यायला. तो आला की जातो. तोपर्यंत बसतो इथे, चालेल ना?"

आणि पलंगाच्या कडेवर चप्पल घालून बसायचे. ताट ठेवलं की हात जोडायचे, "नको, घरी जाऊन जेवू." घासभर सुद्धा नाही. दूध जायचं थोडं, ते पण आग्रह करून. हे त्यांच्याजवळ बसून म्हणायचे, प्रयोग आहे बाबा, येईल तो. बाबा मान हलवायचे आणि दाराकडे बघत राहायचे. बाबांचे डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकलाय, असं होतं, आणि खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल. त्यांचे हात इतके बारीक झाले होते की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मला एकच दिसत होतं, भावजी गेले आणि आता हे पण जाणार, आमच्या डोळ्यांसमोर, वाट बघत बघत.

अशात एक दिवस सकाळी शाळेतल्या बाई आल्या. नाटकाच्या काही वस्तू आमच्याकडे होत्या, जुना फोन, एक कोट, त्या न्यायला. मी दार उघडलं. बाई आत आल्या, चार पावलं टाकली आणि सोफ्याच्या मागून फिरून खुर्चीपाशी गेल्या. मी बघतच राहिले. आमच्या सोफ्याच्या मागून कुणी जात नाही, जागाच नसते, तो भिंतीला टेकलेला असतो. बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"वहिनी," म्हणाल्या, "हे तुम्ही आमचं घर का मांडलंय?"

"तुमचं कुठलं?"

"नाटकातलं. नव्या नाटकातलं. ही माझी जागा. इथे उभी राहून मी शेवटचं बोलते."

मला काही कळेना. मग त्यांनी खाली बसून मला दाखवलं. त्या हॉलचं स्टेज म्हणे आमच्या बाहेरच्या खोलीएवढंच होतं. भावजींनी मोजलं होतं. म्हणून मी बाजारात असले आणि हे बाबांना फिरायला घेऊन गेले की भावजी सगळ्यांना बोलावून इथेच तालीम घ्यायचे. पिवळ्या पट्ट्या नाटकाच्या. समोरची भिंत म्हणजे प्रेक्षक, म्हणून सगळ्या वस्तूंची तोंडं त्या भिंतीकडे. आम्ही परत यायच्या आत सगळं पुन्हा निळ्यावर. निळ्या पट्ट्या कुठायत म्हणून मी शोधलं तर होत्या. रोज फरशी पुसून पुसून पुसट झालेल्या, कडा निघालेल्या. मीच पुसल्या होत्या आणि मलाच दिसल्या नाहीत.

"आम्हाला फार धाक असायचा त्यांचा," बाई म्हणाल्या. "पाय लागला तरी ओरडायचे. निळ्याला हात लावायचा नाही, निळं बाबांचं."

 बाबा खरंच दुसऱ्याच्या घरात बसले होते. आम्हीच त्यांना ठेवलं होतं.

बाई जरा वेळानं म्हणाल्या, "वहिनी, एक मागू? आजचा दिवस असंच राहू द्याल? आमचे डॉक्टर एकदा बघतील. आमचा हा सेट उभा राहिलाच नाही कधी. त्यांनी लावलेला शेवटचा."

मला वाईट वाटलं. पण म्हटलं, "नाही हो बाई. त्या म्हाताऱ्या माणसाला मी अजून एक जेवण उपाशी नाही ठेवू शकत."

"नाही नाही, बरोबर आहे तुमचं," म्हणून त्या लगेच उठल्या. फोनवर एक फोटो काढला, तेवढाच. मग पदर खोचला आणि सोफ्याची एक बाजू धरली. उचलायची त्यांना चांगली सवय होती. मला म्हणाल्या, "कमरेतून नको, गुडघ्यातून उचला. त्यांनी शिकवलंय." आम्ही दोघींनी सोफा भिंतीला नेला, स्टूल त्याच्या शेजारी, आणि शेवटी खुर्ची खिडकीशी. बाई वाकून वाकून निळा कोपरा बघत होत्या, जरा डावीकडे, अजून जरा.

बाबा आतल्या दारात येऊन उभे होते, पायात चप्पल. खुर्ची खाली टेकली तसे चालायला लागले. कुठे अडखळले नाहीत. जाऊन बसले, हात नेहमीच्या जागी ठेवले, खिडकीबाहेर बघितलं. आणि पायातल्या चपला काढल्या.

"आलो बाबा एकदाचे," म्हणाले. "त्या लोकांनी चांगलं ठेवलं होतं, पण आपलं घर ते आपलं घर." मग माझ्याकडे बघून, "सूनबाई, भूक लागलीय."

बाईंनी तोंड फिरवलं. मी जेवण वाढलं. बाबा सगळं जेवले, ताट पुसून. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी हे कामावरून आले. मी सगळं सांगितलं. हे कितीतरी वेळ फरशीकडे बघत बसले, बोटानं ती निळी पट्टी दाबून दाबून चिकटवत होते. बाबा खुर्चीत. एकदम म्हणाले, "तो कुठंय?"

ह्यांनी सवयीनं सांगितलं, "प्रयोग आहे बाबा. येईल."

बाबांनी खोलीभर बघितलं. सोफ्याकडे, दिव्याकडे, स्टुलाकडे.

"सामान तर सगळं इथेच आहे," म्हणाले. "प्रयोग आहे तर सोफा घरी कसा?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतके दिवस बाबांना वाट बघता येत होती, कारण घर सापडत नव्हतं आणि मुलगा घरी न्यायला येणार होता. आता घर सापडलं होतं आणि त्यात मुलगा नव्हता. ह्यांनी मला डोळ्यांनी नको नको केलं. पण समोरचा माणूस मला नीट विचारत होता. मी त्यांच्या पायाशी बसले, हात हातात घेतला आणि सांगितलं. बाबा, भावजी गेले. जिन्यात बसले आणि गेले. त्रास नाही झाला.

बाबांनी माझ्या हातावर दुसरा हात ठेवला. मग म्हणाले, "जेवला होता का?"

मी म्हटलं, "हो. जेवून गेले होते त्या दिवशी. मीच वाढलं होतं."

"पोटभर?"

"पोटभर."

मग ते रडले. मी त्यांना असं रडताना सासूबाईंच्या वेळी सुद्धा बघितलं नव्हतं. हे पण रडले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. इतक्या दिवसांत बापलेक एकत्र रडले ते तेव्हाच.

आता कधी विचारतात, कधी नाही. विचारलं की मी खरं सांगते. हे अजून चिडतात माझ्यावर, म्हणतात तू त्यांना रडवतेस. रडवते, खरं आहे. प्रत्येक वेळी ते जेवला होता का विचारतात आणि मी हो म्हणते. पण रडून झालं की डोळे पुसतात आणि म्हणतात, वाढ. वाट बघत होते तेव्हा एक घास जात नव्हता.